श्रावणातली आठम

हेमांगीला गोड बोलता येत नाही. बोईसरच्या रक्त तपासणी केंद्रात ती अकरा वर्षं होती. या अकरा वर्षांत तिची तक्रार झाली नाही असा एक महिना गेला नसेल. कारखान्यातला कामगार सुई बघून हात मागे घ्यायचा, तेव्हा ती म्हणायची, "मशीन में हाथ डालते टाइम डर नहीं लगता?" तो ओशाळून मूठ आवळायचा. ती शीर शोधायची. एकदाच टोचायची. दुसऱ्यांदा टोचावं लागलं असं सहसा झालं नाही. लोक तिच्यावर चिडायचे आणि पुढच्या वेळी तिलाच शोधत यायचे.

ती मूळची शिरगावची. मासेमारीचं घर. वडील नामदेव यांची बोट होती. त्यांनी तिला लहानपणी भरती-ओहोटी शिकवली. पुनवेला आणि अवसेला पाणी चढतं, ते उधाण. अष्टमीला पाणी जेमतेम हलतं, तो भांग. तिथी कळली की पाणी कळतं, आणि पाणी कळलं की बोट कधी येईल तेही कळतं. वडील गेले तेव्हा ती पालघरला लॅबचा कोर्स करत होती. तो तिने पूर्ण केला. बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायला नकार दिला. आईचा, हंसाबाईचा, पहिला राग तिथला.

दुसरा राग मोठा होता. धाकट्या भावाचं, सुजीतचं, लग्न वाणगावच्या उन्नतीशी ठरलं. साखरपुड्याच्या आधी मुलीकडची माणसं घर बघायला आली. उन्नतीच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलगा घेतो का? सगळे हसले. हेमांगी म्हणाली, घेतो. रोज घेतो. तुम्ही नीट विचार करा.

लग्न मोडता मोडता राहिलं. उन्नतीनेच ते मोडू दिलं नाही. लग्नाच्या दिवशी हेमांगीला कोणी बोलावलं नाही. तिने सालवडला भाड्याने खोली घेतली आणि ती तिथेच राहिली. जवळजवळ तीन वर्षं शिरगावचा कोणी तिच्याशी बोलला नाही. तिनेही फोन केला नाही.

डिसेंबरच्या तेरा तारखेला, बुधवारी सकाळी, केंद्राचं दार ढकलून हंसाबाई आत आली. मागे उन्नती. दोघी वाणगावहून परत चालल्या होत्या. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं रक्त द्यायचं राहिलं होतं, म्हणून वाटेत बोईसरला उतरल्या. बोईसरला अशी केंद्रं बरीच, त्यातलं हेमांगीचं कुठलं हे घरात कधी कोणी विचारलं नव्हतं.

हंसाबाईने तिला पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीशी बोलावं तसं ती म्हणाली, "दुसरं कोन नाय का रगत काढायला?"

"नाही," हेमांगी म्हणाली. "बसा."

उन्नती बसली. खाली मान. हेमांगीने कागद पाहिला. चार गोष्टींची तपासणी होती. चौथा-पाचवा महिना चालू असला की आईच्या रक्तातून करतात ती. तिला कळलं की वहिनीला दिवस गेले आहेत. तीन वर्षांनी. तिला हे असं, एका कागदावरून कळलं.

या तपासणीचं एक असतं. रक्तात काय किती आहे, एवढ्याने भागत नाही. मुख्य लॅब तो आकडा त्याच आठवड्याच्या इतर गरोदर बायकांच्या आकड्याशी ताडून बघते. एकच आकडा सोळाव्या आठवड्यात जास्त ठरतो आणि विसाव्यात ठीक. म्हणून फॉर्मवर पाळीची शेवटची तारीख बरोबर हवी. हेमांगी नव्या मुलींना हे ओरडून ओरडून शिकवायची. तारीख चुकली तर सगळं चुकलं. सोनोग्राफीचा कागद मागा. तो नसेल तर रक्त घेऊ नका.

"शेवटची पाळी कधी आली?" तिने उन्नतीला विचारलं.

उत्तर हंसाबाईने दिलं. त्या घरात बायकांचे दिवस सासूच्या लक्षात असतात. तारखेने नाही, तिथीने. "सरावनातली उजवी आठम," ती म्हणाली. मग तिला बोलायला वाव मिळाला. त्या दिवशी बोट आली होती. मासळी उतरवायला माणूस नाही आणि ही कोपऱ्यात बसलेली. त्यात सुजीतने पुनवेला नारळ द्यायच्या आधीच बोट लोटली होती. आता कोणी मोठ्यांचं ऐकत नाही. पोरगी ऐकत नाही, पोरगा ऐकत नाही. शिकलेली तर त्याहून नाय, घर फोडून जातात आनि परक्यांचं रगत काढत बसतात.

शेवटचं हेमांगीसाठी होतं. केंद्रात सहा माणसं बसली होती. सगळी ऐकत होती.

हेमांगीची कानशिलं तापली. तिने फोनवरचं पंचांग उघडलं. श्रावण शुद्ध अष्टमी. सव्वीस जुलै. तिने फॉर्मवर तारीख लिहिली. वीस आठवडे पूर्ण. सोनोग्राफीचा कागद मागितला नाही. तिला त्या दोघी लवकरात लवकर दाराबाहेर हव्या होत्या.

रक्त घेताना तिची नजर उन्नतीच्या पोटावर गेली. वीस आठवड्यांच्या मानाने पोट दिसत नव्हतं. बारीक आहे मुळातच, तिने मनात म्हटलं. एकदाच टोचलं. कापूस दाबला.

"दाबून धर," ती म्हणाली. फॉर्मवरचा प्रश्न सोडला तर तीन वर्षांत वहिनीशी बोललेले हे पहिले शब्द.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. धोका कमी. तो परस्पर डॉक्टरीणबाईंच्या फोनवर गेला. त्यांनी ते दोन शब्द पाहिले आणि सगळं ठीक असल्याचं कळवलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात केंद्रात नवं कॅलेंडर आलं. हेमांगी जुन्याची पानं फाडून कपाटाच्या फळ्यांवर अंथरत होती. सुयांच्या फळीवर ऑगस्टचं पान आलं. पानाच्या वरच्या अर्ध्यात लिहिलं होतं, अधिक श्रावण. सतरा तारखेपासून, निज श्रावण.

तिचा हात फळीवरच राहिला.

त्या वर्षी दोन श्रावण होते. म्हणजे दोन आठमी. एक सव्वीस जुलैला, दुसरी चोवीस ऑगस्टला. फोनने पहिली दाखवली आणि तिने पहिली लिहिली. पण तिच्या घरात अधिक महिन्याला कोणी श्रावण म्हणत नाही. तो धोंडा. जावयाला वाण द्यायचा महिना, दुसऱ्या कशात न मोजायचा. आई श्रावण म्हणाली म्हणजे खराच श्रावण. आणि ते विसरली असती तरी बोट होती ना. आईने सांगितलं होतं, त्या दिवशी बोट आली होती. सव्वीस जुलैला शिरगावची एकही बोट पाण्यात नव्हती. जुलै संपेपर्यंत मासेमारीला बंदी असते. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नामदेवच्या मुलीला माहीत नव्हतं.

आई बोलत होती आणि तिने फक्त टोमणा ऐकला.

उन्नतीचा नंबर तिच्याकडे होता. लग्नाच्या आधीपासूनचा. तिने लिहिलं, सगळ्यात पहिल्या सोनोग्राफीच्या कागदाचा फोटो पाठव. कारण लिहिलं नाही. दोन तास काही आलं नाही. मग फोटो आला. त्याखाली एक अक्षर नाही. बारा ऑक्टोबर, सात आठवडे. बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. चोवीस ऑगस्ट.

रक्त दिलं तेव्हा वीस आठवडे नव्हते. सोळाही नव्हते, एक दिवस कमी होता.

केंद्राचा मॅनेजर भाग्येश तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. तिने त्याला सांगितलं. तो आधी हसला. "मॅडम, रिपोर्ट नॉर्मल गेलाय. पेशंट खूश, डॉक्टर खूश. तुम्हाला काय हौस आहे?" तिने तरी मुख्य लॅबला मेल केला. सोनोग्राफीचा कागद जोडला आणि खाली लिहिलं, तारीख चुकीची भरली, चूक माझी. चार दिवसांनी सुधारलेला रिपोर्ट आला. त्याच दिवशी भाग्येशने तिच्या हातात पत्र दिलं. निष्काळजीपणाबद्दल समज. उद्यापासून केंद्रात बसायचं नाही, घरोघरी जाऊन रक्त गोळा करायचं.

"अकरा वर्षांत मी एक चूक सांगितली," हेमांगी म्हणाली. "तुझ्या तर मी सांगितल्याही नाहीत."

या वाक्याने केंद्रातली तिची उरलीसुरली माणसंही गेली.

सुधारलेल्या रिपोर्टमध्ये एक आकडा बदलला होता. बाळाच्या अंगात एक प्रथिन तयार होतं. त्यातलं थोडं आईच्या रक्तात झिरपतं. आधीच्या कागदावर ते नेहमीच्या दीडपट होतं. आता अडीचपटीच्या वर. असं झालं की आधी बाळाचा कणा आणि पोट नीट आहे का ते बघतात. ते नीट असेल तर संशय बाळाला रक्त पोचवणाऱ्या वारेवर जातो. वार नीट रुजली नसेल तर पुढे, सातव्या-आठव्या महिन्यात, आईचं ब्लडप्रेशर चढतं, बाळ वाढत नाही, दिवस भरायच्या आत सोडवावं लागतं. होईलच असं नाही. बहुतेकींना काही होत नाही. पण ज्या बाईवर डोळा ठेवायचा ती ही, एवढं तो आकडा सांगतो. हेमांगीच्या पहिल्या कागदाने तो डोळा बंद केला होता.

गुरुवारी तिची सुट्टी असायची. अकरा जानेवारीला ती शिरगावला गेली. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. हंसाबाई एकेक जोडी उलटत होती. तिने लेकीला फाटकातच पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"लग्नाच्या वक्ताला तोंड घेऊन आलतीस. आता कागद घेऊन आली."

हेमांगी फाटकापाशीच उभी राहिली आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. धोंड्याची आठम धरली, चूक माझी. आधीचा कागद धरू नका, हा धरा. सुजीत ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. तो उठून आला. म्हणाला, दोन दिवसांपूर्वीच मोठी सोनोग्राफी झाली, बाळाचं सगळं नीट आहे. हेमांगी म्हणाली, तेच सांगतेय. बाळ नीट आहे म्हणूनच वारेवर नजर ठेवायची. दर आठवड्याला प्रेशर बघायचं. सातव्या महिन्यात बाळाची वाढ बघायची.

सुजीतने शांतपणे विचारलं. तो सकाळी प्यायलेला नसायचा.

"म्हंजे पयला कागद खोटा?"

"हो."

"तो तूच भरला."

"हो."

"मग दुसरा खरा कशावरून?"

हेमांगीकडे उत्तर होतं. सोनोग्राफीचा कागद होता, आठवडे होते, हिशेब होता. पण तिच्या लक्षात आलं, कबुली देऊन तिने स्वतःच त्यांच्या हातात कोयता दिला आहे. खोटं बोलली असती, लॅबची चूक म्हणाली असती, तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं.

हंसाबाईने बोंबलाची जोडी बांबूवर आपटली. "माज्या पोराचं लगीन तुला बघवलं नाय. आता पोर बघवत नाय. या घरात पाय ठेवायचा नाय तू."

दारात उन्नती उभी होती.  तिने हेमांगीकडे बघितलं, पण प्रेमाने नव्हे. लग्नाआधी या बाईने जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं निघालं होतं. सुजीत रोज घेत होता. उन्नतीने ऐकलं नव्हतं. ती आठवण रोज संध्याकाळी दारातून आत यायची, आणि तिला हेमांगीचा चेहरा होता.

हेमांगीने रिपोर्ट फाटकाच्या सळीत अडकवला आणि ती निघाली. पालघरला जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. आपणही आठवडे पाहिले नाहीत, हे त्या बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. त्यांनी उन्नतीला फोन करून बोलावलं. प्रेशर मोजलं. ठीक निघालं. दर आठवड्याला येत जा म्हणाल्या. हंसाबाईने मान हलवली आणि पुन्हा नेलं नाही. ठीक आहे म्हणाल्या ना, मग कशाला?

पुढच्या गुरुवारी हेमांगी प्रेशरचं मशीन पिशवीत घालून शिरगावला आली. हंसाबाई उंबऱ्यावर बसली होती. ती हलली नाही. हेमांगी म्हणाली, मला आत यायचं नाही, तिला बाहेर पाठव. हंसाबाई म्हणाली, ती निजलीय. हेमांगी उभी राहिली. ऊन चढलं. शेजारणी ओट्यावर आल्या. शेजारच्या जिवलीने विचारलं, काय गं हेमांगी, आज आयशीकडं? हंसाबाईनेच उत्तर दिलं, वसुलीला आलीय.

तेवढ्यात बोळाच्या बाजूची खिडकी उघडली. गजांमधून एक हात बाहेर आला. बाही वर सरकवलेली. हात खिडकीच्या फळीवर टेकला आणि तसाच राहिला.

हेमांगी बोळात गेली. दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन घरघरलं. एकशे बारा, सत्तर. तिने वहीत लिहिलं.

"किती?" आतून आवाज आला.

हेमांगीने सांगितलं. हात आत गेला. खिडकी मिटली.

मग दर गुरुवारी हेच. हेमांगी साडेदहाच्या बसने यायची. उंबऱ्यावर हंसाबाई असायची, मासळी नीट करत किंवा नुसतीच. ती लेकीला ऐकू जाईल असं काहीतरी म्हणायची. गुरुवारची सरकारी बाई आली. डाकीण वार सोडीत नाय. एकदा तिने बोळात मासळीचं पाणी ओतून ठेवलं. हेमांगी त्या घाणीत उभी राहिली, चपला भिजू दिल्या आणि आकडा लिहिला. जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी बोंबलाचं टाक. हे कोळंबीचं फार वास मारतं."

आत कोणीतरी हसल्यासारखं झालं. मग तेही थांबलं.

खिडकीतून दोघी फारसं बोलल्या नाहीत. "किती?" आणि आकडा. एकदा उन्नतीने विचारलं, "चूक सांगितलीस कशाला? कोणाला कळलं नसतं."

हेमांगी पट्टा सोडत होती. "मला कळलं होतं," ती म्हणाली. "हात आत घे. ऊन लागतंय."

फेब्रुवारी गेला. एकशे सोळा, बहात्तर. एकशे अठरा, चौऱ्याहत्तर. मार्चच्या मध्याला एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. हेमांगीने डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्यांनी सुजीतला फोन केला. तो म्हणाला, होळी झाली की आणतो. एकवीस मार्चला एकशे चौतीस, शहाऐंशी. हेमांगीने उन्नतीला सांगितलं, उद्याच जा. उन्नती म्हणाली, सांगते. कोणाला आणि कसं, ते दोघींनाही ठाऊक होतं. कोळीवाड्यात होळीच्या आधी बाई दवाखान्यात जात नाही.

अठ्ठावीस मार्च, गुरुवार. होळी होऊन तीन दिवस झाले होते. अंगणात रंगाचे डाग होते. सुजीत आतल्या खोलीत पडून होता. होळीची त्याची अजून उतरली नव्हती.

खिडकीतून हात आला. हात सुजला होता. होळीला भरलेल्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. तिने पट्टा बांधला. एकशे छप्पन, एकशे दोन. पट्टा काढला, पंधरा मिनिटं थांबली, पुन्हा बांधला. एकशे साठ, एकशे चार.

"डोकं दुखतंय?"

"कालपासनं," आतून उन्नती म्हणाली. "डोळ्यांपुढे काजवे येतात. किती आहे, ताई?"

ताई हा शब्द तिने पहिल्यांदा वापरला होता. हेमांगीने आकडा सांगितला नाही. ती बोळातून दाराशी आली आणि आईला म्हणाली, ताबडतोब निघायचंय. डॉक्टरीणबाईंकडे नाही, मोठ्या हॉस्पिटलात.

हंसाबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोरगी होळीला जागली, उन्हात फिरली, म्हणून डोकं दुखतं. जिवलीची सून बी सुजली होती, तिला काय झालं? मग तिने हेमांगीच्या हातातल्या मशीनकडे बोट दाखवलं.

"मशीन तुजं. आकडा तुजा. आठम बी तुजीच व्हती."

हेमांगीने उंबरा ओलांडला. तीन वर्षांनी. खाली बसली, आईचा डावा हात धरला आणि पट्टा गुंडाळला. हंसाबाईने हात ओढला, पण ही पकड रोज पन्नास हात धरणारीची होती. मशीन घरघरलं. एकशे चौतीस, ब्याऐंशी.

"वाच," हेमांगी म्हणाली.

हंसाबाईला अक्षरं येत नव्हती. आकडे मात्र येत होते. चाळीस वर्षं ती ताणकाट्यावर मासळी तोलत आली होती.

मग हेमांगीने उन्नतीला बाहेर बोलावलं, आईच्या शेजारी बसवलं आणि आईच्या डोळ्यांदेखत तिच्या दंडाला तोच पट्टा बांधला. एकशे बासष्ट, एकशे सहा.

"आता हे वाच. माझा राग तुझ्यावर जास्त आहे का तिच्यावर? मशीनने तुला सोडलं आणि तिला धरलं?"

हंसाबाई आकड्याकडे बघत राहिली. चुकीचा काटा तिला लांबूनही ओळखू यायचा. बाजारात कोणी वजन मारलं तर ती पाटीसकट उठायची. हा काटा मारलेला नव्हता. ती उठली. आत गेली. उन्नतीची दोन लुगडी, डब्यातली बिस्किटं आणि देवापुढचा अंगारा एका गाठोड्यात बांधला. जिवलीच्या मुलाची रिक्षा आली. उन्नती बसली, शेजारी हंसाबाई बसली. तिसऱ्या जागेवर तिने गाठोडं ठेवलं. हेमांगी रिक्षाच्या दांडीला धरून उभी होती. हंसाबाईने गाठोडं हलवलं नाही.

"चल रे," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

हेमांगी रस्त्यातच राहिली. तिथेच उभं राहून तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. दोन्ही रिपोर्ट आणि वहीचं पान पाठवलं. त्या पानावर अकरा गुरुवार होते.

हॉस्पिटलात उन्नतीला लगेच दाखल करून घेतलं. गोळ्या, इंजेक्शनं, अंधारी खोली. बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन सुया. बाळ वाढीत मागे होतं. वारेतून त्याला पुरेसं रक्त जात नव्हतं. डॉक्टरांनी चौदा दिवस रेटले. अकरा एप्रिलला आणखी रेटता येईना, तेव्हा पोट उघडून मुलगी काढली. एक किलो चारशे. ती रडली, पण मांजराच्या पिल्लाएवढंच. मग महिनाभर काचेच्या पेटीत.

हेमांगी तिथे एकदाच गेली. हंसाबाई बाकावर बसली होती. तिने पदर ओढून तोंड फिरवलं. हेमांगीने काचेतून बाळ पाहिलं आणि ती परत आली. दुसऱ्या दिवशी तिला सालवडच्या चाळीत सतरा जणांचं रक्त घ्यायचं होतं.

गावात सुजीतने सांगायला सुरुवात केली. बहिणीने तारीख चुकीची लिहिली, म्हणून पोर अडचणीत आली. शिरगावच्या बाजारात, बोटीवर, गुत्त्यावर. वाणगावला उन्नतीच्या माहेरीही हेच पोचलं. हेमांगीच्या कानावर येत राहिलं. ज्यांनी तिला येऊन सांगितलं त्यांनी वाट पाहिली की ती आता चवताळून उठेल. अकरा गुरुवार सांगेल, वही दाखवेल, मासळीचं पाणी सांगेल. ती म्हणाली, "तारीख मी चुकवली होती. ते खरं आहे." आणि रिकाम्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागली. 

मेच्या मध्याला उन्नती बाळाला घेऊन घरी आली. बाळंतपणानंतरही सहा आठवडे प्रेशर बघावं लागतं. हेमांगी पुन्हा साडेदहाच्या बसने येऊ लागली. उंबऱ्यावर हंसाबाई. बोळात खिडकी. गजांमधून हात. सूज उतरली होती. बांगड्या सैल झाल्या होत्या. एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर.

तेवीस मेचा गुरुवार होता. बंदीला आठ दिवस राहिले होते, बोटी वर ओढायची तयारी चालली होती. हेमांगीने आकडा लिहिला, मशीन पिशवीत टाकलं आणि बोळातून ती बाहेर आली. हंसाबाई उंबऱ्यावर नव्हती. दाराच्या वरच्या लाकडाला मासळी तोलायचा ताणकाटा टांगला होता. काट्याच्या हुकात जुन्या लुगड्याच्या तुकड्याची झोळी अडकवलेली. झोळीत बाळ. ते हात-पाय हलवत होतं आणि काट्याची सुई थरथरत होती.

हंसाबाई झोळीखाली दोन्ही हात धरून उभी होती. काटा घासून पुसून लख्ख केलेला. हॉस्पिटलच्या वजनावर तिचा विश्वास नव्हता. तिथल्या मुली गप्पा मारत वजन करतात, असं तिचं म्हणणं होतं.

हेमांगी अंगणातच थांबली.

"उबी काय राहिलीस? वाच," हंसाबाई म्हणाली. मान वळवली नाही.

"तुला येतं की वाचता."

"येतं. काटा माजा हाय. मीच वाचला तर लोक काय म्हनतील? काटा तिचा, आकडा तिचा." ती थांबली. "तू वाच."

हेमांगी पुढे आली. उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली. बाळ थोडं निवांत होईपर्यंत वाट पाहिली. सुई ठरली.

"दोन किलो तीनशे."

"लुगडं धरून का सोडून?"

"धरून."

"लुगडं शंभर. दोन दोनशे." हंसाबाईने बाळाला झोळीतून काढून खांद्याशी घेतलं. तोंडावरचा कडवटपणा तसाच होता. "लिव तुज्या वहीत."

हेमांगीने वही काढली. उन्नतीच्या गुरुवारांचं पान संपलं होतं. तिने नवं उलटलं. वजन लिहिलं आणि पेन पानाच्या कोपऱ्यात, दिवस लिहायच्या जागेवर नेलं.

"थांब," हंसाबाई म्हणाली. "तिथी मी सांगते ती लिव. वैशाखातली पुनव. तारीख काढायला जाऊ नको."